धडधडीचे दोन साक्षीदार

मार्गशीर्षातली कोवळी, केशरझाक सकाळ माडांच्या झावळ्यांतून गळत गळत खाडीवर उतरत होती. दवभिजल्या पोफळी, धूसर पाणी, पाण्यावर एकच अलगद होडी. सारे कसे संथ, सारे कसे निवांत, सारे कसे शहाणे! आणि त्या शहाण्या सकाळी, पडवीच्या पायरीवर बसून, शरयू केळुसकर आपल्या हृदयावर मनापासून चिडली होती.

कारण तेही शहाण्यासारखे वागत होते.

सहा वर्षे ते तिच्या उरात नाचत आले होते. भाजी चिरताना, वेणी घालताना, नुसते भिंतीकडे बघताना ते अवचित उसळे, अडखळे, एक ठोका गिळून टाके आणि मग चार ठोके एकदम ओकून मोकळे होई. जोडीला अंगभर ठणका. आणि थकवा तर असा, की आंघोळ केली की आंघोळ केल्याबद्दल तासभर पडावे लागे. पण डॉक्टरांच्या टेबलावर आडवी होताच हे लबाड, मायावी, बहुरूपी हृदय पाहुण्यांसमोरच्या मुलासारखे हाताची घडी घालून बसे. कागदाची पट्टी निघे ती सुरेख, समतोल, निष्कलंक. डॉक्टर हसून म्हणत, मन रमवा. तिने मन रमवले. क्रोशाचे अकरा रुमाल झाले, धडधड होती तशीच राहिली.

यजमान भालचंद्र केळुसकर हे जमिनींचे दस्त नोंदवणाऱ्या कचेरीतले निवृत्त कारकून. चौतीस वर्षांच्या नोकरीने त्यांची श्रद्धा पक्की केली होती: कागदावर नाही ते जगात नाही, आणि दोन साक्षीदारांवाचून तो कागदही नाही. माणूस मायाळू. तिचे पाय चेपत, भात लावत, विहिरीचे पाणी भरत. पण ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, होतंय मला," की चष्म्यावरून बघत विचारत, "पण रिपोर्टात काय आलंय?" ते विचारणे तिला ठणक्याहून जास्त खुपे.

म्हणून काल सकाळी दहाला, शहरातल्या दवाखान्यात, तिच्या छातीला पाच तारा चिकटल्या आणि कमरेला एक काळी डबी बसली. चोवीस तास हृदयावर पहारा. सोबत एक छापील कागद: वेळ, काय करत होता, काय त्रास झाला. आज दहाला डबी आपोआप बंद होणार होती, आणि दुपारच्या एसटीने ती दवाखान्यात परत पोचवायची होती.

आणि हृदय? हृदय शांत. हृदय सज्जन. हृदय सोवळ्यातले.

काल दुपारी ती मुद्दाम देवळाच्या बेचाळीस पायऱ्या चढली. गुडघे रडले, कंबर रडली, हृदय शांत. ती तीन कप काळी कॉफी प्यायली. पोटात आग, हृदय सज्जन. दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडची ऐंशी वर्षांची सगुणाकाकी मदतीला धावली. शिंपल्यांतल्या तिसऱ्यांचे लालभडक सुके खाऊ घालून झाले, देवचाराची, भुताखेताची गोष्ट डोळे फिरवून सांगून झाली, तरी हृदय ढिम्म. शेवटी भालचंद्रांनी कागदी पिशवी फुगवली आणि तिच्या पाठीमागे चोरपावलाने जाऊन फट्‌कन फोडली. मांजर कौलांवर गेले. स्वतः भालचंद्र खांबाला धरून खाली बसले आणि त्यांनाच पाणी द्यावे लागले.

आता साडेनऊ वाजून गेले होते. बेचाळीस पायऱ्यांचा हिशेब अंग चुकता करत होते. मांड्यांत ठणका, खांद्यांत ठणका, बोटांच्या पेरापेरांत ठणका.

"इली काय गो?" सगुणाकाकीने गडग्यावरून हाक दिली.

"नाय, काकी. अजून नाय इली."

हे बोलताना शरयूचे डोळे भरून आले. आजाराचा तिला मुळीच लोभ नव्हता. उद्या बरे होणार असेल तर ती अकराही रुमाल देवाच्या पायाशी ठेवायला तयार होती. पण आज पट्टी पुन्हा निष्कलंक निघाली, तर ती पुन्हा खोटी ठरणार होती. डॉक्टरांसमोर नव्हे, या पाय चेपणाऱ्या माणसासमोर. तिने डोळे पुसले, वाट बघणे सोडले आणि खाडीकडे बघत राहिली.

होडी हलली. पाणी हलले. आणि उरात काहीतरी उलटले.

एक उसळी. मग पोकळी. मग परातीत ओतलेल्या जिवंत कोळंबीसारख्या उड्याच उड्या!

"अहो! आली! आली!" एवढ्या आनंदाने तिने माहेरच्या माणसांनाही कधी हाक मारली नव्हती.

भालचंद्र हातातला तांब्या टाकून धावले. त्यांनी तिचे मनगट धरले, आणि धरूनच राहिले. बोटांखाली ती अवखळ, अनावर, बेताल धडधड. गळते, थांबते, पुन्हा धावते. त्यांचा चेहरा उतरत गेला. "हे असं होतं तुला?" त्यांनी हळूच विचारले. "सहा वर्षं?"

ती दम लागलेली, घामेजलेली, विजयी. तिने नुसती मान हलवली.

पाच मिनिटांनी सारे निवले. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि कचेरीतल्या त्या वळणदार, शुद्ध, सरळ अक्षरात लिहिले: वेळ नऊ बेचाळीस. पायरीवर बसली होती, खाडी बघत होती. धडधड. समक्ष पाहिली, हाताने पडताळली. साक्षीदार क्रमांक एक, भालचंद्र वि. केळुसकर.

"दुसरा साक्षीदार हवा," ते म्हणाले.

"माझो अंगठो चलतलो मां?" काकी केव्हाच अंगणात आली होती. शाई सापडेना, तेव्हा तिने शरयूच्या करंड्यातल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला.

भालचंद्रांनी अजून पेन खाली ठेवले नव्हते. खाली उरलेल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे सरकवला. साक्ष देण्यास सहा वर्षे विलंब झाला. विलंब माफ व्हावा, ही विनंती.

शरयूने ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांच्या हातातले पेन घेतले आणि ठणकत्या बोटांनी, सावकाश, त्याखाली लिहिले: अर्ज विचाराधीन आहे.

ती हसली, म्हणून तेही हसले. डोळे मात्र त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसले. दहा वाजले, डबी आपली आपण मिटली. खाडीला भरती लागली होती, पाणी पायरी पायरीने वर येत होते, आणि वारा सुटला होता. कागद उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर तिचा हात होता, दुसऱ्यावर त्यांचा, आणि मधोमध तो लाल अंगठा उन्हात सावकाश वाळत होता.