फेट्यांमागची चौथी ओळ

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, संगमेश्वरअप्पांची आडत होती, आणि कुस्तीची गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. काट्यावर तुरीची पोती थांबली तरी चालतील, पण अप्पांची कुस्ती निकाली निघाल्याशिवाय गिऱ्हाईक उठत नसे.

गंमत अशी, की यातली एकही कुस्ती अप्पांनी धड पाहिलेली नव्हती. अप्पा बुटके. जत्रेत आखाड्याभोवती माणसांचं कडं पडलं, की त्यांच्या वाट्याला पाठी यायच्या. मग हलगीचा ठेका, लोकांचं हुंकारणं आणि शेवटी उठणारी आरोळी यांच्यावरून ते आपली कुस्ती जुळवत. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवगंगाबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "बघितलं काय, तर गावाच्या पाठी. आन् सांगत्यात कशे, जणू पंचच हुते!"

"कानानं बघितलं म्हून काय झालं?" अप्पा म्हणायचे. टीव्हीवरच्या कुस्त्या त्यांना आवडत नसत. टीव्हीत घाम दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची मुलगी सुकन्या लातूरला आर्किटेक्ट होती. उदगीरच्या नव्या बंदिस्त क्रीडागृहाचा आराखडा तिच्याकडे आला, तेव्हा तिने हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण कागदावर पहिली रेघ मारतानाच तिच्या मनात अप्पा होते. एकदा तरी त्यांना पहिल्या सलामीपासून पाठ लागेपर्यंत सगळी कुस्ती दिसली पाहिजे. आणि त्यांना दिसली, म्हणजे कुणालाही दिसेल.

काम सोपं नव्हतं. एवढ्या गावाला फक्त कुस्तीपुरतं सभागृह परवडत नाही. त्यातच कबड्डी व्हायची, बॅडमिंटन व्हायचं, स्पर्धा परीक्षेला टेबलं मांडायची आणि सभा-संमेलनंही तिथेच. म्हणून सुकन्याने गॅलरीच्या खालच्या तीन ओळी कपाटाच्या खणासारख्या केल्या. हव्या तेव्हा बाहेर ओढायच्या, नको तेव्हा वरच्या ओळींखाली आत सरकवायच्या, की मधली जमीन मोकळी. चौथ्या ओळीपासून वर सगळं पक्कं.

आणि नजरेच्या रेषेवर तिने फार मेहनत घेतली होती. मागे बसलेल्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून मॅटच्या जवळच्या काठापर्यंत पोचली पाहिजे. पुढच्याच्या डोळ्यांपासून बारा सेंटीमीटर वरून ती रेषा गेली, की उघडं डोकं आड येत नाही, असं पुस्तकात होतं. टोपी असेल तर पंधरा. आपल्याकडे टोपी असतेच, म्हणून तिने प्रत्येक ओळीला पंधरा धरले आणि पायऱ्यांची उंची तशी बसवली. काम झाल्यावर ती स्वतः चौथ्या ओळीच्या मधोमध, अप्पांच्या उंचीइतकी खाली सरकून बसली. पुढच्या ओळीत टोपी घातलेला माणूस बसवला. मॅटचा काठ स्वच्छ दिसत होता. ही अप्पांची जागा, असं तिने ठरवून टाकलं.

पहिली कुस्ती-दंगल एका रविवारी दुपारी ठरली. संयोजन समितीचे अध्यक्ष वैजनाथराव, डाळमिलवाले, अप्पांचे जुने दोस्त. मॅटच्या कडेला पाहुण्यांसाठी सोफे मांडायचा त्यांचा बेत सुकन्याने दोन बैठकांत हाणून पाडला होता. पाहुणे खालच्या तीन ओळींत बसतील, सगळ्यांसारखेच, असं शेवटी ठरलं. आता काही राहिलं नाही, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी ती क्रीडागृहात आली, तर दाराशी कापडाचे गठ्ठे उतरत होते. भगवे, गुलाबी, पिवळे.

"हे काय?" तिने रविकांतला विचारलं. रविकांत कामावरचा सरकारी इंजिनियर, नांदेडकडचा, उमरीचा.

"फेटे, मॅडम. सत्काराचे. सगळ्या पाहुण्यांना बांधून राहिले."

"सगळ्या म्हणजे?"

"तीनही ओळी. अध्यक्ष म्हणले, माझ्या दंगलीत उघड्या डोक्यानं कोण बसणार न्हाई."

सुकन्याने एका गठ्ठ्यातलं भगवं कापड उचलून पाहिलं. जन्म उदगीरचा, लहानपणापासून शेकडो सत्कार पाहिलेले, शाल-नारळाआधी फेटा बांधतात हे शाळकरी पोरालाही माहीत. आणि तिने टोपी धरली होती! पुस्तकातल्या पंधरा सेंटीमीटरवर ती वर्षभर खूश होती.

"रविकांत, जरा बसा. एक बांधून घ्या."

"मला? माझा कशाचा सत्कार?"

"मोजायचंय."

फेटेवाल्याने रविकांतला गुलाबी फेटा बांधला. वर ताठ तुरा उभा केला. सुकन्याने टेप लावली. डोक्याच्या वर फेटाच वीतभर, आणि त्यावर तुरा वेगळा. तिने त्याला तिसऱ्या ओळीत बसवलं आणि स्वतः चौथ्या ओळीत, अप्पांच्या जागी, तेवढीच खाली सरकून बसली. समोर फक्त गुलाबी रंग होता. अप्पांच्या वाट्याला पुन्हा पाठच येणार होती, फरक इतकाच, की या खेपेला ती रंगीत होती.

"कसा दिसून राहिलो मॅडम?" रविकांतने मान वळवून विचारलं.

"फार छान. तुमच्याशिवाय काहीच दिसत नाही."

वैजनाथराव आले तेव्हा ती थेट त्यांच्याकडे गेली. "काका, फेटे कुस्त्या झाल्यावर बांधू या का?"

"अगं, येड लागलं काय तुला? सत्कार झाल्याबिगर हलगी वाजंल का? पाहुणा बसायच्या आधी फेटा, मग दंगल. आमच्या आज्यापासनं हीच रीत हाय."

"मग निदान तुरे?"

"बिनतुऱ्याचा फेटा म्हंजे मलमपट्टी बांधल्यागत. संगाप्पाची पोर हाईस म्हून ऐकून घेतो, न्हाईतर..." ते हसले, पण त्यांच्या आवाजात ठामपणा होता. "बरं, आता फेटे उतरवायचं सोडून काय बी सांग."

ती गॅलरीच्या वरच्या ओळीत जाऊन बसली. अप्पांना वर बसवता आलं असतं, तिथे फेट्यांचा त्रास नव्हता. पण मग फेट्यांमागे दुसरं कुणी तरी बसणार. पैलवानांच्या आया तिथे बसणार होत्या. दोष जागेचा नव्हता, फेटेवाल्यांचाही नव्हता. तिनेच आपल्या माणसांच्या डोक्यावर काय असतं ते नीट पाहिलं नव्हतं.

खाली रविकांत फेट्यासकट इकडून तिकडे फिरत होता. मग तो पहिल्या ओळीच्या पायाशी, सरकत्या बाकांची चाकं तपासायला मांडी घालून बसला. सुकन्या बघत राहिली. तिला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम आठवला. याच सभागृहात, तीनही ओळी आत सरकवून, माणसं जमिनीवर बसली होती. रविकांतची आई चांगुणाबाई मुद्दाम उमरीहून आली होती आणि अगदी पुढे पांढऱ्या साडीत बसली होती. सुकन्या तेव्हा चौथ्या ओळीत उभी राहून पाहत होती, आणि खालची डोकी तिच्या नजरेच्या वाटेत आलीच नव्हती.

ती धावत खाली चौथ्या ओळीत आली. अप्पांच्या जागी बसली. रविकांत फेटा, तुरा सगळं घेऊन समोर मांडी घालून बसला होता, आणि तुऱ्याचं टोक मॅटच्या काठाच्या कितीतरी खाली राहत होतं.

"हलू नका," ती ओरडली.

"हललो न्हाई मॅडम. काय झालं?"

"ओळी आत सरकवा. पाहुणे खाली बसतील. गाद्यांवर."

वैजनाथरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "जमिनीवर? पाहुणे?"

"जमिनीवर नाही काका, गादीवर. मागे लोड, वर पांढरी चादर. मॅटपासून चार हातांवर. पैलवानाचा घाम अंगावर उडेल."

त्यांनी जरा विचार केला. मोंढ्यातल्या माणसाला गादी-लोड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सगळी आडत तिथेच बसून चालते. "गाद्या कुठनं आणशील? इतक्या?"

सुकन्याने अप्पांना फोन लावला. रविवार होता, मोंढा बंद होता. अप्पांनी अर्धवट ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या लायनीतल्या सगळ्या उचलतो. कोण न्हाई म्हनतंय बघतो." तासाभरात गाद्यांनी भरलेला टेम्पो दारात उभा होता. पुढे ड्रायव्हरशेजारी अप्पा लोड पोटाशी धरून बसले होते. कोणत्या दुकानाची कोणती गादी हे ओळखू यावं म्हणून त्यांनी कोपऱ्यांना रंगीत सुतळ्या बांधल्या होत्या. तुरीच्या भुशाचा वास क्रीडागृहभर पसरला.

"पर मला मांडी घालता येत न्हाई," वैजनाथराव आता हळूच म्हणाले. "गुडघ्याचं आपरेशन झालंय. मला खुर्चीच लागणार. आन् फेटा तर माझा सगळ्यात मोठा."

हे खरोखर अवघड होतं. सुकन्या सभागृहाभोवती एक फेरी मारून आली. "गुणफलकाखाली बसा काका. तिथे मागे बाकं नाहीत, भिंतच आहे. आणि गुण बघायला सगळं गाव वळून तुमच्याकडेच बघणार."

वैजनाथरावांनी गुणफलकाकडे पाहिलं, मग त्याखालच्या जागेकडे. फेटा सारखा केला. "हे आधी सुचलं असतं तर सोफ्याचं नावबी काढलं नसतं," ते म्हणाले.

चार वाजता हलगी वाजली. पाहुणे लोडांना टेकून बसले, कुणी पाय पसरले, कुणी चपला गादीच्या कडेला नीट लावून ठेवल्या. रंगांचा एक पट्टा जमिनीलगत पसरला आणि त्याच्या वर, चौथ्या ओळीच्या मधोमध, अप्पा आणि शिवगंगाबाई बसले. अप्पांनी पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "मागच्याला आड नको यायला," ते बायकोला म्हणाले.

"मागं पंधरा शेंटीमीटर सोडलंय तुमच्या लेकीनं. घाला ती टोपी, टक्कल चमकतंय."

सुकन्या मॅटच्या पलीकडे दाराशी उभी राहिली. तिथून कुस्ती नीट दिसत नव्हती, पण चौथी ओळ दिसत होती. लहानमोठ्या कुस्त्या झाल्या. मग शेवटची, मुलींची: उदगीरची अक्षरा आणि निलंग्याची एक उंच, रुंद खांद्याची मुलगी. हलगीचा ठेका चढला. अप्पांनी सवयीने डोळे मिटले आणि मान एका बाजूला केली. शिवगंगाबाईंनी कोपराने ढोसलं. अप्पांनी डोळे उघडले, आणि मग ते मिटले नाहीत.

अक्षराने हात दाखवला वरती आणि शिरली खाली. उंच मुलीचा पाय तिच्या हातात आला. एक गिरकी, एक धाड असा आवाज, आणि पाठ मॅटला लागली. सभागृह उठून उभं राहिलं. अप्पा उभे राहिले नाहीत. बसूनच त्यांना सगळं दिसत होतं.

माणसं पांगल्यावर सुकन्या वर गेली. "दिसलं का अप्पा?"

"दिसलं की." ते अजून मॅटकडेच बघत होते. "पर एवढ्यात संपती व्हय गं कुस्ती? मी तर अर्धा तास सांगतोय आजवर."

"मग आता तरी आटोपशीर सांगा," शिवगंगाबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक दुवा देतील."

सोमवारी सकाळी लातूरला निघण्याआधी सुकन्या गाद्या परत करायला मोंढ्यात गेली. सुतळ्यांचे रंग बघून रविकांत एकेक गादी ज्याच्या त्याच्या दुकानात पोचवत होता. अप्पांच्या दुकानाबाहेर पोती थांबली होती, आणि माणसंही. आतून आवाज येत होता.

"...तिचा डावा पाय, टाच उचललेली. एवढीच. बोटभर. निलंग्याच्या पोरीला दिसली न्हाई ती टाच. मला दिसली..."

सुकन्या दारातच थांबली. पाय धरण्याच्या त्या डावापर्यंत, एकेरी पटापर्यंत, पोचायला त्यांना अर्धा तास लागला. सगळा वेळ त्या टाचेवर, खांद्यावर, कपाळावरून ओघळणाऱ्या घामावर गेला.

"कुठं बसला हुता अप्पा?" तूर घेऊन आलेल्या कुणीतरी विचारलं.

"चौथ्या वळीत," अप्पा म्हणाले. "म्होरं कुणीच न्हवतं."