ओळंब्याचे चार मिलिमीटर

“आधी झुलणं थांबू दे, मग रेघ ओढ.”

कॉलेजच्या लॅबमधल्या दत्तोबांचं हे वाक्य माझ्या पितळेत मुरलंय. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक नव्या तुकडीला ते हेच सांगत. तुकडी मान डोलवायची आणि मी झुलत असतानाच रेघ ओढून मोकळी व्हायची.

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. गाजराएवढा, खाली टोकदार. सिकंदराबादच्या एका लेथवर माझा जन्म झाला. मला कातणाऱ्यानं दोऱ्याला टांगून पाहिलं, “हौ, सीधा है” म्हणाला आणि बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून माझा एकच नेम आहे. दोरा मिळाला की पृथ्वीच्या मध्याकडे तोंड करून उभं राहायचं. या नेमाला उद्यापन नाही. मी तो एकदाही मोडलेला नाही, म्हणून रोज नेम मोडणाऱ्यांबद्दल मला आदर वाटत नाही. आवाज चढवून बोलणं माझ्या स्वभावात नाही, पण वाटत नाही ते वाटत नाही.

आधी मी मलकपेठेत एका गवंड्याकडे होतो. माझ्या दोऱ्याच्या बाहेर त्यानं कधी वीट जाऊ दिली नाही. तो थकला, आणि मी विद्यानगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिक्स लॅबमध्ये आलो. वाटलं, अडाणी माणूस इतका जपतो, तर शिकलेले किती जपतील! मित्रांनो, तेव्हा मी फार भोळा होतो.

इथलं माझं काम साधं. फायबरची एक जाड पाटी आहे, इंग्रजी एल अक्षरासारखी. तिच्या कडेच्या भोकात खिळा घालून ती लटकवायची. त्याच खिळ्याला मला टांगायचं. दोघं निवांत झालो की दोऱ्यामागून रेघ ओढायची. मग दुसऱ्या भोकातून दुसरी रेघ. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तो पाटीचा गुरुत्वमध्य. तिथं बोट टेकवलं की सगळी पाटी त्या एका बोटावर तोलून राहते. तिसरी रेघ खात्रीसाठी. ती मी आजवर फार थोड्यांना ओढताना पाहिली.

मग गणित. पाटीचे दोन आयत करायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ त्याच्या मध्याच्या अंतरानं गुणायचं, बेरीज करून एकूण क्षेत्रफळानं भागायचं. जो भाग पाटीत नाही तो वजा करायचा. अर्ध्या मुलांना भोक दिसलं तरी तेही मिळवावंसं वाटतं! नसलेल्या वस्तूला वजन देणारी ही मुलं उद्या पूल बांधणार आहेत.

उत्तर ठरलेलं. डावीकडून पंचेचाळीस, खालून पंच्याहत्तर मिलिमीटर. जुन्या मुलांची रेकॉर्डबुकं सोवळ्यातल्या पोथीसारखी हातोहात पुढे जातात. उतरवणारे हुशारही असतात. कोणी पंचेचाळीस पूर्णांक दोन लिहितो, कोणी चव्वेचाळीस पूर्णांक आठ. खोटं खरं वाटावं म्हणून वरून दशांशाची चिमूट.

आणि हे सगळं सहा वर्षं चाललं, पाटीचा कोपरा तुटलेला असताना.

हो, कोपरा. दत्तोबा या लॅबचे अटेंडंट. सहा वर्षांपूर्वी कपाट पुसताना त्यांच्या हातून पाटी निसटली आणि खालचा उजवा कोपरा तुटला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कानस घेतली आणि तुटलेली कड इतकी गुळगुळीत केली की पाटी मुळातच तशी वाटावी. तुकडा रुमालात बांधून कपाटामागे सारला. मी समोरच टांगलेला होतो. हेच दत्तोबा गुरुवार धरतात. कांदा नाही, लसूण नाही, पायात चप्पल नाही. कपाटामागचा रुमाल मात्र सातही वार तिथंच.

त्यांना भीती होती की पहिलीच तुकडी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. ओरडायला आधी मोजावं लागतं.

यंदा मोजणारी आली. निशिगंधा तिचं नाव. तिचा जोडीदार वरुण फोनवरून जुनं रेकॉर्ड उतरवत होता. ही मात्र मी थांबेपर्यंत थांबली. तीन रेघा ओढल्या, तिन्ही एका ठिकाणी मिळाल्या. एक्केचाळीस आणि एकोणऐंशी.

“काय गं, पुन्हा एक्केचाळीस?” वरुण म्हणाला. “लाइट घे ना! चार मिलिमीटरनं कोण मरणार आहे?”

“तूच. तुझ्या पुलाखालून आधी तुलाच पाठवीन.”

“नक्को, मी ऑफिसात बसणार. पूल तू बांध.”

लॅब घेणाऱ्या अविनाश सरांनी तिच्या पानावर लाल काट मारली. ती म्हणाली, “सर, पुस्तकातल्या आकृतीत हा कोपरा आहे, पाटीत नाही. तेवढा त्रिकोण वजा केला की गणितही माझंच उत्तर देतं.”

“आकृती ढोबळ असते. पाटी पहिल्यापासून अशीच आहे,” सर म्हणाले. “इतकी वर्षं मुलं पंचेचाळीस लिहितात ती काय वेडी? शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आण. रेकॉर्डवर सही नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, माहीत आहे ना?” मग माझ्याकडे बोट दाखवलं. “हा ओळंबाच वाकडा झालाय. उद्या दुपारी भंगारवाला येतोय, त्याला द्या.”

मित्रांनो, मी वाकडा! दोऱ्याला टांगलेलं वजन वाकडं लोंबत नाही, एवढं मलकपेठेच्या गवंड्याला शाळेत न जाता कळत होतं. मला हसू आलं असतं, पण हसलो असतो तर झुललो असतो.

सगळे गेल्यावर निशिगंधा मागे राहिली. घरच्यासारखं बोलायला लॅबमध्ये दत्तोबांशिवाय तिला कोणी नव्हतं.

“काका, खरं सांगा. हा कोपरा कधी तुटला?”

दत्तोबा मला भंगाराच्या खोक्यात ठेवत होते. त्यांचा हात थबकला.

“पंचेचाळीस लिहून टाक पोरी. सही मिळेल.”

“लिहिते. पण मग तुम्ही कुणाला झुलणं थांबू दे म्हणू नका.”

मग दत्तोबा खाली बसले. “माझ्याच हातून. महिनाअखेर रिटायर होतोय. वाटलं होतं, गुपचूप निघून जाईन.” त्यांनी तोंड पुसलं. “गुरुवारी सांगतो सरांना.”

“गुरुवारपर्यंत हा ओळंबा वितळलेला असेल.”

“मग उद्याच. पहिल्या तासाआधी. शब्द देतो.”

मी खोक्यातून ऐकत होतो. शब्द देणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मित्रांनो, ओळंबा काय मागणार? तेल नको, शोकेस नको. कोणतंही हत्यार हातात घेतलं तर त्याला खरं सांगायला वेळ द्या, आणि त्यानं सांगितलेलं नकोसं असलं तर निदान त्यालाच वाकडं म्हणू नका. इतकंच जपणं पुरे आहे आम्हाला.

आज बुधवार. आत्ता कुलूप उघडलं. दत्तोबा आज लवकर आलेत. त्यांनी कपाट पुढे ओढलं, मागून रुमाल काढला, सहा वर्षांची धूळ झटकली. तुकडा पाटीला लावून पाहिला. कानशीनं खाल्लेली फट सोडली तर बरोबर बसला. मग खोक्यातून मला काढून त्यांनी खिळ्याला टांगलं, आणि मी थांबेपर्यंत दोन्ही हात खाली सोडून उभे राहिले.

मी थांबलो. त्यांनी चप्पल दाराशी काढून ठेवली, पाटी आणि तुकडा छातीशी धरला आणि अनवाणीच सरांच्या खोलीकडे चालू लागले.