धाडच्या मंडळीचे वडील

सुभद्राबाईला कोणी नुसतं ‘रामरावांची बायको’ म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. मंडळीच्या वडिलांची बायको म्हणा की! धाड गावच्या ख्रिस्ती मंडळीत ‘वडील’ म्हणजे साऱ्यांचा पुढारी. कोणाची सोयरीक असो, कोणाचं भांडण असो, रामरावांशिवाय पान हलत नव्हतं. मिशनचा गोरा साहेब बोचकं बांधून आपल्या देशी गेला, तेव्हा सारं गाव म्हणत होतं, आता किरिस्तावांच्या देवळाला कुलूप लागणार. कशाचं कुलूप अन् कशाचं काय! रामरावांनी चालवून दाखवलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं कोरं होतं. मुंबईत आपलं सरकार आलं तसं आमच्या देवळातही आमचंच सरकार आलं, असं सुभद्राबाई कुंपणावरून शेजारच्या गोजरबाईला रोज ऐकवायची. गोजरबाई कुणब्याची, गावच्या पाटलाच्या भावकीतली, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, तुमच्या सरकारचा तोरा तं साहेबापेक्षा जास्त हाये.

आता तोरा होता, खोटं कशाला बोला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत साऱ्यांनी एकाच पोळीचा तुकडा खायचा. त्याची पोळी सुभद्राबाईच्याच तव्यावर भाजली जायची अन् रामराव ती ताटात घेऊन साऱ्यांपुढून फिरायचे. ते पांढरा कोट घालून ताट घेऊन निघाले की बाईची छाती अशी फुगायची की बाजूच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

पण नाताळानंतर देवळातल्या अर्ध्या सतरंज्या रिकाम्या पडू लागल्या. त्याला कारण तानाबाईचं प्रकरण. तानाबाई विधवा, एकुलता एक मुलगा गोपाळ. त्याला फिटा येऊ लागल्या. बिचारी पार भेदरली, पोराला घेऊन दर्ग्यावर गेली अन् त्याच्या दंडाला गंडा बांधून आली. रामरावांना हे कळलं. त्यांनी रविवारी भर उपासनेत तिचं नाव घेतलं अन् तिला मंडळीबाहेर काढलं. ती गेली, तिच्यामागं तिचे दीर-जावा गेले, सोयरे गेले. सुभद्राबाईनं मान उडवली. किरिस्तावानं गंडा बांधायचा नाही, नेम म्हणजे नेम, म्हणाली.

अशात डोणगावकडचे उद्धव पास्टर नवे नेमून आले. माणूस तरणा, आवाजानं मऊ. प्रभुभोजनाच्या रविवारी रामराव ताट उचलायला पुढं झाले, तेव्हा पास्टरांनी ताटावर फडकं पुन्हा नीट ओढलं अन् विचारलं, “गोपाळ आजारी होता, तेव्हा त्याच्या घरी प्रार्थनेला कोण गेलं होतं?”

आजाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायची, हे वडिलांचं काम. लहान पोरालाही ते ठाऊक. अन् त्या आठवड्यात रामराव कुठं होते, हेही साऱ्यांना ठाऊक. बुलढाण्याला मंडळ्यांची मोठी सभा होती. तिथं ते पहिल्या रांगेत बसले होते, गळ्यात हार घालून घेत होते.

सुभद्राबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेला पोरगा, अन् वडिलांना जाब विचारतो! आता हे त्याला असं झापतील की तो डोणगावची एसटी धरील, म्हणून ती पदर सावरून बघत बसली. रामराव उभे राहिले. पण झापणं राहिलं बाजूला, ते खाली मान घालून तसेच अनवाणी बाहेर पडले. बाईला वाटलं, गेलं, सारं गेलं. आज आपलं नाक कापलं.

पास्टरांनी भजन धरलं. ते संपलं, दुसरं धरलं. मग दारात रामराव दिसले. त्यांच्यामागं तानाबाई, गोपाळ अन् झाडून सारे रुसलेले सोयरे. रामराव पुढं येऊन उभे राहिले.

“तानाबाईनं मले बोलावनं धाडलं होतं,” ते म्हणाले. “सभेच्या गडबडीत उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हनत मी गेलोच नाही. मंग थे घाबरून दुसरीकडं गेली, तं म्या तिलेच बाहेर काढलं. चूक माही होती. माही वडीलकी मंडळीनं काढून घ्यावी.”

पास्टरांनी तानाबाईकडं पाहिलं. बोल म्हणाले.

“वडीलकी राहू द्या दादाची,” तानाबाई म्हणाली. “दादा तं बुलढान्याले होते. पन वैनी घरीच होत्या ना? माहं घर काही दूर नाही त्यायच्यापासून.”

देवा रे! सुभद्राबाईला शंभर उत्तरं येत होती, तिची जीभ साऱ्या धाडला माहीत. पण तिला गोपाळला फिट आली तो दिवस आठवला. त्या दुपारी ती कुंपणाशी उभी राहून, बुलढाण्याला नवऱ्याला हार घालणार आहेत, हे गोजरबाईला कवतिकानं सांगत होती. तानाबाईच्या घरातून किंकाळी आली होती, ती तिनं ऐकली होती. अन् ऐकून ती घरात गेली होती, खिडकी लावून घेतली होती. तिला स्वतःची अशी लाज वाटली की डोळ्यांना धारा लागल्या. ती उठली, तानाबाईजवळ जाऊन बसली अन् तिचा हात धरला. चुकलं माहं, एवढंच तिला बोलता आलं. तानाबाईनं हात सोडवून घेतला नाही.

मग पास्टरांनी फडकं काढलं अन् रामरावांनी ताट उचललं. पोळी मोजक्या माणसांची, अन् देवळात बसायला जागा नाही. नखाएवढा तुकडा एकेकाच्या वाट्याला आला, पण सगळ्यांना आला. नवऱ्याकडं बघताना सुभद्राबाईला त्यांच्या अंगावर कोट आहे की नाही याचंही भान नव्हतं. हा माणूस आपला आहे, एवढंच तिच्या मनात येत होतं.

ती घरी पोचायच्या आधीच बातमी आळीभर झाली होती. कुंपणाशी गोजरबाई वाटच बघत होती.

“काय वं सुभद्रा, तुह्या नवऱ्यानं म्हने त्या तानीची माफी मागितली, भर देवळात?”

सुभद्राबाई थांबली. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ.

“मागितली. अन् म्याबी मागितली,” ती म्हणाली. “तुमच्या पाटलानं मागितली काय वं कोनाची कधी?”