पाळकसाहेबांची पायमशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची. म्हणजे, तशी होते. सध्या माझ्यावर जाड काच बसवली आहे आणि त्या काचेवर लोक कॉफी पितात. कुणी कप आपटला की माझी सुईची दांडी थरथरते. नुसती दांडीच. सुई काढून टाकली आहे, गिऱ्हाइकांच्या मुलांना टोचू नये म्हणून.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. काळं चकचकीत अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. खोक्यात बसून मी नाशिकला आले ती इथल्या एका चर्चच्या शिवणवर्गात. तेव्हा परदेशातून मदत यायची, आणि विधवा बायकांना शिवण शिकवलं की मदत करणाऱ्यांना बरं वाटायचं. सायखेड्याची कुसाबाई माझ्यावरच शिकली. धागा तुटला की ती मला शिवी हासडायची आणि लगेच डोळे मिटून येशूची माफी मागायची. माझी कधी मागितली नाही. पण पुढे तिने परकर-पोलकी शिवून दोन पोरं वाढवली, म्हणून मीही मनात ठेवलं नाही.

मग मदत आटली, वर्ग बंद पडला. मला चर्चच्या मागच्या खोलीत ठेवलं. तिथे मोडके बाक होते, फाटकी गीतपुस्तकं होती आणि नाताळच्या गोठ्यातले पुठ्ठ्याचे मेंढपाळ होते. मेंढपाळ निदान वर्षातून एकदा बाहेर जायचे, परत येताना अंगाला चमकी लावून यायचे. मी तिथेच. माझ्या चाकात कोळ्याने जाळं विणलं. खोलीतलं तेवढं एकच विणकाम चालू होतं.

एके दिवशी बाक शोधायला नवे पाळक आत आले. शेखर पगारे. साहेब म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं, पण मंडळीचा पाळक म्हणजे पाळकसाहेब, तशी पद्धतच. कळवणला त्यांच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. साहेबांनी मला पाहिलं, बाक विसरले आणि खाली बसून सदऱ्याच्या बाहीने माझी वेलबुट्टी पुसली.

"उज्वला," त्यांनी बायकोला हाक मारली, "इकडे ये. बघ कोण सापडलंय!"

पाळकीणबाई आल्या. म्हणाल्या, "मला वाटलं माणूस सापडलं. बाक कुठाय?"

माझ्यात तेल पडलं. पट्टा नवा आला. पहिलं काम म्हणून साहेबांनी वेदीवरचं मखमली आच्छादन शिवलं, मधोमध पांढरा क्रूस. रविवारी उपासनेनंतर सगळी मंडळी वेदीपाशी जमली. कमिटीचे सेक्रेटरी त्रिभुवन सर, बँकेतून रिटायर झालेले, आच्छादनावरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, हे दान आहे. प्रभूने तुमच्या बोटांत दान ठेवलंय."

त्यानंतर गायनमंडळाचे झगे शिवले. संडे स्कूलच्या देवदूतांचे पंख शिवले. त्रिभुवन सरांच्या बंगल्याचे पडदेसुद्धा शिवले. सगळं फुकट. आणि फुकट होतं तोवर सगळ्याला 'सेवा' म्हणत.

आता तुम्ही विचाराल, साहेबांचं घर कशावर चालायचं? पगार होता. कमिटी म्हणायची, प्रभू सगळं आपल्या वेळी देतो. पगारही प्रभूच्याच वेळी यायचा. मुलगी मनीषा नर्सिंगला होती. तिचं कॉलेज मात्र फी आपल्या वेळी मागायचं. तेव्हा साहेबांनी दुपारच्या मोकळ्या वेळात बाहेरचं शिवण घ्यायला सुरुवात केली. आधी शाळेचे गणवेश. मग गोरक्ष आला.

गोरक्षचा मंडपाचा व्यवसाय. लग्न असो, दशक्रिया असो, कनाती त्याच्याच. मोठा मोकळा माणूस. टेम्पोतून कापडाचे तागे उतरवत म्हणाला, "पाळकबाबा, कुंभमेळा आलाय तोंडावर. तपोवनात तंबूच तंबू लागणारेत. कारागीर मिळंना. तुमची शिलाई मी पाहिलीय, ताणली तरी उसवत नाय. घ्या ना."

"कापड भगवं दिसतंय, गोरक्ष," साहेब म्हणाले.

"मग काय साधूंना गुलाबी देऊ?"

साहेब हसले आणि माझ्यापाशी बसले. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. पाळकांच्या घराच्या व्हरांड्यात मी, माझ्यासमोर भगव्या कापडाच्या लाटा, आणि साहेब पायडल मारता मारता रविवारचा उपदेश पाठ म्हणायचे. आजाऱ्याला भेटायचं असलं की मध्येच उठायचे, प्रार्थना करून परत यायचे, सुटलेली शिवण पुढे धरायचे. माझ्या ठेक्यावर कितीतरी उपदेश तयार झाले. त्यांत एकही वाईट निघाला नाही, असं मी म्हणणार नाही. पण शिवण एकही वाईट निघाली नाही.

मग तो रविवार आला. प्रभुभोजनाचा. साहेबांनी पांढरा झगा घातला, भाकरीची थाळी उचलली आणि बाहीतून एक लांब भगवा धागा लोंबत खाली आला. थाळीवरच्या पांढऱ्या रुमालावर जाऊन बसला. पहिल्या बाकावरच्यांनी पाहिला. मागच्या बाकावरच्यांनी नाही पाहिला, पण चहाच्या वेळेपर्यंत त्यांनीही पाहिला होता.

कमिटी संध्याकाळी माझ्यासमोरच बसली, व्हरांड्यात. चहा झाला. प्रार्थना झाली. प्रार्थनेत त्रिभुवन सरांनी प्रभूला सगळा प्रकार सविस्तर सांगितला, म्हणजे साहेबांना वेगळं सांगावं लागलं नाही.

"प्रेषित पौलसुद्धा राहुट्या शिवायचा, सर," साहेब हळूच म्हणाले. "पवित्र शास्त्रातच आहे. सुवार्ताही सांगायचा आणि हाताने कामही करायचा."

सरांनी कप खाली ठेवला. "पौलाला मंडळीने राहायला घर दिलं नव्हतं, साहेब. तुम्हाला दिलंय."

"आणि पौल साधूंच्या राहुट्या शिवत नव्हता," दुसरे एक पंच म्हणाले.

"शास्त्रात गिऱ्हाइकांची नावं लिहिलेली नाहीत, भाऊ," साहेब म्हणाले.

हे बोलायला नको होतं. कमिटीसमोर चूक करावी, विनोद करू नये. विनोद कमिटीला कळतो.

"विषय राहुट्यांचा नाही," सर म्हणाले. "पाळकाने विश्वासावर जगायचं असतं. लोक काय म्हणतील? यांच्या मंडळीला एक पाळक पोसवत नाही, असंच ना? जगापुढे आमची साक्ष काय राहिली?"

उज्वलाबाई कप गोळा करत होत्या. म्हणाल्या, "सर, मग पगार वेळेवर द्या ना. म्हणजे साक्षही राहील."

पंचांनी आपापले कप पुढे सरकवले. शेवटी सरांनी घसा साफ केला आणि मार्ग काढला. मशीन मुळात चर्चची. तेव्हा येत्या हंगामाच्या सणात तिचा लिलाव करावा. आणि जे येईल ते 'पाळक साहाय्य निधी'त टाकावं. साहेबांना मदतही होईल आणि मोहही जाईल. ठराव एकमताने मंजूर झाला. आजवर माझ्यावर पुष्कळ कापडं उलटी-सुलटी शिवली गेली, पण इतकं उलटं काही शिवल्याचं मला आठवत नाही.

साहेब मला घेऊन जाऊ शकत होते का? नाही. पाळकपण सोडू शकत होते का? उज्वलाबाईंनी त्याच संध्याकाळी सरळ विचारलं, "सोडून द्या ना हो. गोरक्षकडे कामाला लागा. मानाने जगू."

साहेब माझं चाक धरून उभे होते. म्हणाले, "उद्या वाळूमामा गेले तर त्यांना पुरणार कोण? बारशी, लग्नं कोण करणार? मला दोन्ही येतं, उज्वला. दोन्हीतलं एक टाक म्हणतायत म्हणून मला दोन्ही येत नाही असं होत नाही." वाळूमामा हे मंडळीतले अंथरुणाला खिळलेले म्हातारे. साहेब रोज त्यांच्याकडे जायचे. कमिटीतलं कुणी जात नसे; ते पाळकाचं काम.

हंगामाचा सण तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. आपल्या पिकातला वाटा प्रत्येकाने देवाला आणायचा, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव. कांद्याची गोण, इगतपुरीकडचा तांदूळ, कोंबड्या, घरचे केक. गंमत अशी की भोपळा विकत घेणारा कधी कधी हात वर करून म्हणतो, "पुन्हा प्रभूला!" मग तोच भोपळा परत टेबलावर येतो आणि परत विकला जातो. एकेक भोपळा दुपारपर्यंत देवाला चार-पाचदा मिळतो. आणि लिलाव पुकारतो कोण? पाळक. ती तर जुनीच रीत.

मंडप गोरक्षने फुकट घातला होता. त्याच्या कनाती मीच शिवलेल्या. त्या कनातींच्या आत, कोंबड्या आणि कांद्यांच्या मध्ये, मला टेबलावर चढवलं.

"ही शिलाई मशीन," साहेबांनी पुकारलं. आवाज नेहमीचा, घंटेसारखा. "चालू स्थितीत. टाका एकसारखा पडतो. कोण बोलतंय?"

कुसाबाईने पहिली बोली लावली. आता पाठीत वाकलेली, पण आवाज तोच शिवी हासडणारा. म्हणाली, "मशीन इकून पाळकाला मदत! बैल इकून वैरण घ्यायची म्हना की! लय शिकलेली मान्सं तुमी."

लोक हसले. तिच्या वरची बोली मागच्या खांबाजवळून गोरक्षने लावली. तो मंडप सोडवायला म्हणून थांबला होता, पण डोळे साहेबांवर होते. साहेबांना कळलं, मलाही कळलं. गोरक्ष मला घेणार, टेम्पोत टाकणार आणि उद्या दुपारी माझं काम पुन्हा सुरू. व्हरांड्यात नाही तर त्याच्या गोदामात.

"एक वार," साहेब म्हणाले. कुसाबाई गप्प झाली. तिच्याकडे तेवढेच पैसे होते. "दोन वार."

तीन वार म्हटलं असतं तर संपलं होतं. माझं आयुष्य मार्गी लागलं असतं. पण मित्रांनो, साहेब प्रामाणिक माणूस. भोपळ्यासाठी जसे थांबायचे, तसेच माझ्यासाठी थांबले. सगळ्या मंडळीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुणी वाढवतंय का?"

त्या थांबण्यात मी गेले.

त्रिभुवन सरांच्या एकदम लक्षात आलं, की चर्चची मशीन आता उघडउघड साधूंच्या तंबूंना निघाली. साक्ष राखण्यासाठी त्यांनी बोली वाढवली. गोरक्षने वाढवली. सरांनी पुन्हा वाढवली, आणि असा आकडा बोलले की गोरक्षने साहेबांकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"एक वार. दोन वार." साहेब पुन्हा थांबले, तेवढंच. मग म्हणाले, "तीन वार. त्रिभुवन सर."

टाळ्या पडल्या. कुसाबाई ओरडली, "सर, म्हना ना! पुन्ना प्रभूला! म्हना!"

सर हसले. "बाई, प्रभूला मशीन कशाला?"

घरी नेल्यावर सरांच्या लक्षात आलं, की मशीन त्यांनाही कशाला. मग त्यांच्या मुलीने, निकिताने, गंगापूर रोडला कॅफे काढला. जुन्या वस्तूंची सजावट. मी तिथे गेले. पट्टा काढला, सुई काढली, वेलबुट्टीवर नवा सोनेरी रंग मारला, वर काच. लोक माझ्यासोबत फोटो काढतात. मी चालू होते तेव्हा इतकं कौतुक मला कधी मिळालं नाही.

परवा दुपारी सर तिथे बसले होते, माझ्याच टेबलावर. समोर पुण्याच्या एका चर्चचे पाहुणे.

"तुमचे पाळक बाहेर काही करतात का हो?" पाहुण्यांनी विचारलं. "आमच्याकडे फार वाढलंय ते. कुणी विमा विकतो, कुणी शिकवण्या घेतो."

"छे छे!" सर म्हणाले. "आमच्याकडे नाव नको. पूर्ण वेळ सेवा. निव्वळ विश्वासावर."

तेवढ्यात दार उघडलं. पार्सल न्यायला डिलिव्हरीवाला आला. पाठीवर चौकोनी पिशवी, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. ऑर्डरला वेळ होता म्हणून तो बाजूला उभा राहिला. मग खाली वाकला आणि काचेखाली हात घालून त्याने माझं चाक फिरवलं. स्वतःकडे, हळूच, पहिला टाका घेण्याआधी फिरवतात तसं. चाक कुरकुरलं. तेल कुठे होतं?

"ओ दादा, हात नका लावू," निकिता काउंटरवरून म्हणाली. "अँटिक पीस आहे तो."

"सॉरी, मॅडम," तो म्हणाला.

दोनच शब्द. पण तो आवाज घंटेसारखा होता. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून सर तो ऐकतात. सरांनी मान वर केली, हेल्मेटकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हेल्मेटही त्यांच्याकडे पाहत होतं.

मग सर पाहुण्यांकडे वळले. "हां, तर मी काय सांगत होतो? निव्वळ विश्वासावर. घ्या, केक घ्या."

पार्सल आलं. साहेब गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी मशीन असेल तर तिच्यावर काच बसवू नका. अधूनमधून तेल द्या, एखादी उशीची खोळ का होईना, शिवायला द्या. आणि रविवारी तुमच्यासाठी जो डोळे मिटून प्रार्थना करतो, तो सोमवारी पोटासाठी काय करतो, ते त्याला एकदा विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर निदान एवढं करा: तो दारात पार्सल घेऊन उभा राहिला आणि तुम्ही त्याला ओळखलंत, तर हेल्मेट काढून आत बसायला सांगा. पाणी द्या. फार ऊन असतं हल्ली दुपारचं.