रास झाकण्याची रीत

"झोपलात काय वो?" मी दारातून हळूच विचारलं.

"व्हय, झोपलोय," चादरीतून उत्तर आलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

आमचे जीवनराव उरणला बंदरावर ट्रेलर चालवतात, रात्रपाळीला. सकाळी आठला घरी येतात आणि मग झोपेची मनधरणी सुरू होते. निजायच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी. डोक्यावरून चादर घेतली तरी ऊन माणसाला शोधून काढतं. गेल्या मंगळवारी यार्डाच्या फाटकाशी त्यांचा डोळा लागला आणि ट्रेलर कठड्याला घासला. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. मालकाने बजावलं, पुन्हा असं झालं तर चावी काढून घेईन. मला चावीची एवढी भीती नव्हती. कठड्याच्या जागी माणूस असता तर, या विचाराने माझीही झोप उडाली होती.

बाजारात जाड पडद्यांचा भाव विचारला आणि दुकानदाराला "घरी विचारून सांगते" म्हणून परत आले. मग घरगुती उपाय. आधी वर्तमानपत्रं चिकटवली. मागून ऊन आलं की अक्षरं स्पष्ट दिसायची, आणि हे पडल्या पडल्या बातम्या वाचत बसले. मग पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. त्यासाठी खिडकी घट्ट लावावी लागली, खोलीची भट्टी झाली. मग काळं प्लास्टिक. खाडीच्या वाऱ्यावर ते दिवसभर फडफडलं. "याच्यापेक्षा माझा इंजिन बरा," हे म्हणाले.

माझा हा खटाटोप सासूबाई मुकाट्याने बघत होत्या. खरं तर खिडकी त्यांचीच. सासूबाईंनी, म्हणजे मनुबाईंनी, तीस वर्षं मिठागरावर काम केलं आणि गुडघे तिथेच झिजवले. आता उंबरठ्यापलीकडे जायचं तर धरून न्यावं लागतं. पुढच्या दारातून दिसते ती गल्ली आणि शेजारच्यांची भिंत. मागे ही एकच खिडकी, आणि तिच्यातून बांध, भरावातून वाचलेलं मिठागराचं एक टोक आणि खाडी दिसते. रोज सकाळी, मुलगा झोपलेला असला तरी, खुर्ची टाकून त्या तिथे गुपचूप बसायच्या. म्हणून प्रत्येक उपाय करताना मी त्यांच्या नजरेपुरती वीतभर जागा उघडी सोडत होते. उजेड तिथूनच यायचा. हे मलाही कळत होतं आणि यांनाही. बोलत कुणीच नव्हतं.

शनिवारी दुपारी हे गाडी धुवायला गेले, तेव्हा सासूबाईंनी मला हाक मारली.

"सोनल, तू जर रास झाकली असती ना, तर समदा मीठ पावसान वाहून गेला असता."

"मी कुठे होते मिठागरावर, आई?"

"म्हनून तर सांगतंय. पानी काय नि उजेड काय, फट गावली का घुसलाच. माझी पेटी खाली काढ. आनि माल्यावरचं गोनपाट."

पेटीतून त्यांची जुनी लुगडी निघाली. गडद हिरवी, तपकिरी, मिठागरावर नेसायची. मला त्यांनी ती फाडायला लावली. फाडताना अडखळला तो माझा हात. लुगड्याच्या दोन थरांत गोणपाट घालून आम्ही रुंद पट्टे शिवले. यातून वारा झिरपतो, उजेड नाही.

मी पहिला पट्टा वरच्या चौकटीला धरला, तर त्या ओरडल्याच.

"खालून! रास झाकतात ती खालून वर. वरचा थर खालच्यावर चढव, चांगला हातभर. नि कडंला बांबूच्या कामट्या दाब."

मी ठोकत होते, त्या खुर्चीतून हुकूम सोडत होत्या. इतक्या खुशीत त्यांना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आधी बांध नजरेआड गेला, मग मिठागर. पट्टा त्यांच्या नजरेपाशी आला तशी मी हातोडी खाली ठेवली.

"आई, इथे वीतभर उघडं ठेवू?"

कुणा अडाण्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "राशीला खिरकी ठेवतात काय गो?"

"मग रोज संध्याकाळी काढत जाऊ."

"सांजचं काय दिसतंय? यार्डाचं दिवं. ठोक तू."

मी ठोकलं. खाडी गेली तेव्हा डोळे माझे भरून आले. त्या कामटी सरळ बसली की नाही ते बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी जीवनराव आठला आडवे झाले. दहाला मी कानोसा घेतला, घोरणं चालू होतं. बारालाही चालू होतं. शिट्टी नको म्हणून मी कुकर लावला नाही, भात पातेल्यात शिजवला.

सासूबाईंची खुर्ची मी पुढच्या दारापाशी ठेवली होती, निदान गल्लीतली येती-जाती माणसं तरी दिसावीत म्हणून. त्यांनी ती फिरवून घेतली होती. निजायच्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून त्या बसल्या होत्या. मी शेजारी भाजी निवडायला बसले.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता पानी उतरला असंल. बांध उघडा परला असंल."

मी भाजी तशीच ठेवून घरामागे गेले. पाणी उतरलं होतं. बांध उघडा पडला होता आणि त्यावर पाच-सहा बगळे बसले होते.

"उतरलंय, आई," मी आत येऊन सांगितलं. "बगळेपण आलेत."

"हलू बोल," त्या म्हणाल्या. "पोर झोपलाय माझा."