कोणीच चहा घेतला नाही

आमच्या अदितीनं विषय घेतला तोच मुळात मले पटला नव्हता. आंतरसांस्कृतिक संवाद म्हणे! म्हणजे काय वं, तं निरनिराळ्या रीतीभातीच्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, ते. म्हटलं, "अवं पोरी, बोलायचं कसं हे शिकायले कोणी युनिव्हर्सिटीत जाते का? देवानं तोंड दिलं, बोलत सुटायचं. मले पाहा, जन्मभर बोलून राहिली, कोणाचं काही अडलं का?"

अदिती माझ्या बहिणीची पोरगी, नरखेडची. शिकायले माझ्याकडं हुडकेश्वरले राहते. ती नुसती हसली अन् म्हणाली, "मावशी, तुह्यासारख्यांसाठीच काढला हा विषय." चावट कुठची.

वरच्या खोलीत माझी भाडेकरू राहते. लालरिनपुई तिचं नाव, मिझोरामची, दवाखान्यात नर्स आहे. पूर्ण नाव घेता घेता माझा दम निघते, म्हणून मी तिले नुसतं पुई म्हणते. ती हिंदीतून बोलते, मी माझ्या बोलीतून, अन् आमचं बरोबर जमते. ड्यूटीवरून आली की आधी माझं बीपी पाहते. मीठ जास्त खाल्लं असलं तं डोळे वटारते. माझ्या हातचा पाटोडीचा रस्सा नाकातून पाणी वाहेपर्यंत खाते अन् वरून आणखी मागते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, पोरगा विक्रम बंगलोरले. खरं सांगायचं तं घरात पावलांचा आवाज होता तो तिचाच.

गेल्या महिन्यात तिची आई गेली. तिकडं गावीच, अचानक. त्यांच्यात दुसऱ्याच दिवशी पुरतात. मधी दोन विमानं, पुढं गाडी, त्यात रस्त्यावर दरड कोसळलेली. पोहोचणं शक्यच नव्हतं. पोट्टी फोन हातात धरून जिन्यात बसली होती. रडत नव्हती. मी जवळ घेतलं तं लाकडासारखी ताठच राहिली.

आता दुःखाच्या घरी कसं जावं, हे काय मले कोणी शिकवायले पाहिजे? साऱ्या गल्लीले मीच निरोप दिला. संध्याकाळी आम्ही वर गेलो. मी, अदिती, शेजारी राहणारे माझे दीर वामनभाऊजी, समोरची कामिनी, आणखी चार जण. आम्ही बाया फिक्या साड्या नेसलो, चपला खालीच काढल्या. कोणी एक शब्द वायफळ बोललं नाही. भिंतीले टेकून, माना खाली घालून बसलो. स्टुलावर आईचा फोटो होता. जरा वेळानं पुई उठली अन् सगळ्यांसाठी चहा करून आणला. ट्रे भरून, सोबत बिस्किटं.

सुतकाच्या घरी कोणी चहा घेते का? आपण पाणीसुद्धा घेत नाही. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानंच आपली सरबराई करायची, हे बरं दिसते का? कोणी कपाले हात लावला नाही. मग उठलो अन् मुकाट्यानं निघालो. अशा घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, तिथं तशी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. घरी जाऊन आंघोळी केल्या. "परक्या मुलखातली पोरगी, पण आपण सगळं कसं रीतसर केलं ना, यमुताई?" कामिनी म्हणाली. मी म्हटलं, हो वं बाई.

पुढं रोज मी डबा भरून वरच्या पायरीवर ठेवत होती. दार वाजवत नव्हती. दुःखातल्या माणसाले कशाले बोलायले लावायचं?

अन् रविवारी सकाळी पुई खाली आली. म्हणाली, "आंटी, मी महिनाअखेर खोली सोडून राहिली. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली."

माझं डोकंच फिरलं. "काहून? काय कमी पडलं तुले? सारी गल्ली तुह्या दाराशी आली, रोज डबा पोहोचते, अन् तू चालली?"

"नाही आंटी, तुम्ही सगळे चांगले आहात," एवढंच बोलली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वर निघून गेली.

मी भांडी आदळायले लागली. "पाहिलं? जीव लावा, तोंडात घास भरवा, अन् शेवटी आपले परके ते परकेच! हेच शिकवतात का तुह्या कॉलेजात?"

अदिती मेथी निवडत होती. "मावशी, तू तिले विचारलं का?"

"काय विचारू?"

"त्यांच्याकडं माणूस गेल्यावर काय करतात ते."

"मग तूच सांग ना! तू शिकून राहिली ना?"

"मले काय माहीत? आमच्या पुस्तकात मिझोरामवर अर्धं पानही नाही." तिनं मेथीची काडी खाली ठेवली. "अन् मावशी, मीही तं चहा तसाच ठेवून उठली. विषय शिकून राहिली तरी डोक्यात आलंच नाही. आमचे सर रोज सांगतात, आपली रीत आपल्याले रीत वाटतच नाही. सारी दुनिया अशीच वागते असं वाटते. म्हणून आधी विचारायचं."

माझा राग काही गेला नव्हता, पण हातातली कढई मी खाली ठेवली. दोघी वर गेलो. दाराशी बॅग अर्धी भरलेली पाहिली अन् माझा राग तिथंच उतरला.

"पुई, एक सांगशील का?" मी म्हटलं. "तू गावी असती तं लोकांनी काय केलं असतं?"

तिनं आईचा फोटो मांडीवर घेतला. मग बोलायले लागली. गावातली पोरं-पोरी घरी येऊन बसली असती. एक दिवस नाही, रोज संध्याकाळी. दुःखातल्या माणसाले ते एकटं सोडतच नाहीत. गाणी म्हणतात. किटलीवर किटली चहा होते. गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात, मधी हसूही येते.

"तुम्ही आलात तं मले वाटलं, आता बसतील," ती म्हणाली. "म्हणून चहा केला. कोणी शिवलं नाही. आईचं नावही कोणी विचारलं नाही. उठले अन् न बोलता गेले. मग डबा दाराबाहेर. आंटी, कोरोनात आम्ही पेशंटचा डबा असाच ठेवत होतो." तिनं बॅगेकडं तोंड फिरवलं. "मले वाटलं, इतके दिवस मी तुम्हाले चालत होती, आई मेली तेव्हापासून चालत नाही."

अवं माय! मी तिचे दोन्ही हात धरले अन् भडाभडा सांगत सुटली. चहा काहून घेतला नाही, "येतो" काहून म्हटलं नाही, दार काहून वाजवलं नाही. "तुले त्रास नको म्हणून वं! तुह्याचसाठी वं, पोरी!"

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे काळजी होती म्हणून तुम्ही मले एकटं सोडलं?"

असा सवाल मले आजवर कोणी केला नव्हता. म्हटलं, "हो. तसंच झालं." अन् तिथंच ती पहिल्यांदा रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, मोठ्यानं, लहान पोरीसारखी रडली. मीही रडली. अदितीनं मुकाट्यानं चहाचं आधण ठेवलं.

सुतकाच्या घरातला पहिला चहा मी तो घेतला. गोड होता, बाकी काही झालं नाही. अदितीले म्हटलं, "तुह्या सरांले सांग, मावशीले पहिल्या बाकावर जागा ठेवा. अन् तू चांगली मन लावून शीक."

संध्याकाळी पुन्हा गल्ली गोळा केली. वामनभाऊजी काही केल्या तयार होईनात. "वहिनी, सुतकात चहा अन् गाणी? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण, भाऊजी? आपणच तं आहो लोक. चला."

आले बिचारे. कामिनीनं पहिला घोट औषधासारखा घेतला अन् दुसऱ्या कपाले साखर मागितली. अदितीनं आईचं नाव विचारलं. लालमुआनी. बाजारात भाजी विकायची. कोणी भाव पाडून मागितला तं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "आवाज एकदम आंटीसारखा," पुई म्हणाली, अन् सगळे हसले. मले जरा जास्तच हसले. मग तिनं तिच्या भाषेतलं गाणं म्हटलं. कोणाले एक अक्षर कळलं नाही, पण कामिनी पदर डोळ्याले लावून बसली होती. वामनभाऊजींनी भजन धरलं. बेसूर, पण पार शेवटपर्यंत म्हटलं.

"उद्याही बसू," पुई म्हणाली. "परवा माझी नाइट आहे."

"अन् हॉस्टेल?" मी विचारलं.

"त्यांले नाही म्हणून कळवते."

मी रिकामा कप तिच्यापुढं धरला.

ती माझा कप भरत होती. भरता भरता म्हणाली, "आंटी, काका गेले तेव्हा तुमच्याजवळ कोण बसलं?"

"सगळे आले होते की. बसले, उठले, गेले. रीतसर."

"मग तुम्ही त्यांच्याबद्दल कोणाशी बोलल्या?"

मी वामनभाऊजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. तेरावं झालं, फोटोले हार घातला अन् मी स्वयंपाकाले लागली, एवढंच मले आठवत होतं. लोकांनी माझ्यासमोर त्यांचा विषयच काढला नाही, मले वाईट वाटू नये म्हणून. मीही काढला नाही, त्यांले वाईट वाटू नये म्हणून. एवढी तोंडाळ बाई मी, अन् सहा वर्षं याच एका गोष्टीवर गप्प होती.

"कोणाशीच नाही," मी म्हटलं.

पुईनं कप माझ्या हातात दिला. "मग आज त्यांच्यासाठीही बसू. नाव काय होतं काकांचं?"

आता काय सांगू! लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. बँकेतल्या बाबूनं विचारलं तरी मी भाऊजींकडं पाहत होती अन् तेच सांगत होते. आताही सवयीनं भाऊजींनी तोंड उघडलं. मी हात वर केला तं ते थांबले.

"मधुसूदन," मी म्हटलं.

माझ्याच कानाले ते नवीन वाटलं. भाऊजींनी चष्मा काढला. माझे डोळे वाहून राहिले होते, पण थांबावंसं वाटेना.

"मधुसूदन नाव त्यांचं. मी रागावली की उलटून बोलायचे नाहीत. अंगणात जाऊन झाडांले पाणी द्यायचे. सकाळी दिलं असलं तरी पुन्हा द्यायचे. आमची जास्वंद त्यानंच सडली..."

मी बोलत होती. किटलीत चहा संपला, पुईनं दुसरा ठेवला. कोणी उठलं नाही.