दत्तोबानं आणलेली बाई

भामाबाई ट्रकमधून येणार हे कऱ्हाटीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण निघायच्या घटकेपर्यंत ते भामाबाईलाही ठाऊक नव्हतं.

ठरलं होतं ते वेगळंच. दत्तोबा नांदेडकडच्या एका साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि नवराबायकोनं आता गावी, थोरल्या भावाच्या शेजारी राहायचं ठरवलं. ऐन हंगामात ट्रक मिळणं मुश्कील, सगळ्या गाड्या उसाला लागलेल्या. पण वरकुट्याचा रविराज नावाचा एक ड्रायव्हर हैदराबादला डाळिंबं उतरवून मोकळा परत निघाला होता, तो सापडला. दत्तोबानं सामानाबरोबर जायचं आणि भामाबाईनं शेजारणीकडं राहून दोनचार दिवसांनी एसटीनं यायचं.

"असल्या थंडीत, ट्रकात, बाईमाणसानं? काय गरज न्हाय," दत्तोबा म्हणाला, आणि भामाबाईला न विचारता तसा फोनही त्यानं गावी करून टाकला.

माणूस वाईट नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, कधी आवाज चढवणं नाही. फक्त बायकोच्या वाट्याचं बोलणं आपणच बोलून टाकायची त्याला सवय. डॉक्टरनं भामाबाईला विचारावं, कुठं दुखतंय, आणि दत्तोबानं सांगावं, गुडघ्यात. दुकानदारानं तिला विचारावं, कुठला रंग दाखवू, आणि दत्तोबानं म्हणावं, मळखाऊ.

संध्याकाळी शेवटची गादी ट्रकात चढली, वर ताडपत्री पडली, रविराजनं इंजिन चालू केलं. तेवढ्यात भामाबाई पायरीवर पाय देऊन केबिनमध्ये चढली आणि मधोमध जाऊन बसली. सगळी गल्ली तिच्याकडं बघत राहिली.

"आगं, उतर की," दत्तोबा म्हणाला.

"गुडघा धरलाय. चढता आलं, उतरता येत न्हाय."

गुडघ्याचं दुखणं दत्तोबानंच पंचक्रोशीत जाहीर केलेलं, त्यामुळं ते खोटं म्हणायची सोय त्याला नव्हती. भामाबाईचे गरम कपडे कपाटाबरोबर कधीच खाली गाडले गेले होते. शेजारणीनं हसत हसत आपली नवीकोरी गुलाबी शाल खिडकीतून आत दिली, रविराजनं आपला मफलर दिला आणि गाडी सुटली.

बार्शीच्या अलीकडं एका पंपावर रविराजनं झोप काढली. इंदापूर आलं तेव्हा दिवस उगवत होता. उजनीच्या पाण्यावरनं धुकं असं आलं होतं की रस्त्याकडेची माणसं कमरेपासून वरच तेवढी दिसत होती. मनिषा नावाच्या एका बाईच्या चहाच्या टपरीपुढं रविराजनं गाडी लावली. भामाबाई उतरली ती डोक्यावरनं शाल, तोंडाला मफलर, डोळे तेवढे उघडे.

"एक साधा आन एक बिनसाखरेचा," दत्तोबा म्हणाला. "हिला साखर चालत न्हाय."

डॉक्टर 'जरा बेतानं घ्या' म्हणाला होता. त्याचं 'अजिबात नाही' दत्तोबानं केलं होतं. तीस वर्षं साखरेच्या कारखान्यात काढलेल्या माणसाची बायको, आणि चहा कडू.  मफलर खाली ओढून भामाबाईनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मफलर परत वर ओढला.

मनिषानं ट्रककडं मान वळवली. ताडपत्रीतून पलंगाचे पाय बाहेर आलेले. "एवढा संसार घेऊन कुठं चाललाय, काकू?"

उत्तर द्यायला दत्तोबानंच तोंड उघडलं असतं, पण त्याच क्षणी त्यात गरम चहाचा घोट होता. आयुष्यात अशी संधी फार वेळा येत नाही.

"पळून चाललोय," भामाबाई म्हणाली.

मनिषाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "कुणाबरूबर?"

"ह्यांच्याबरूबर."

दत्तोबाला ठसका लागला. तो थांबेना. भामाबाई पुढं म्हणाली, "ह्यांच्या घरी काय म्हाईत न्हाय अजून. मी येतीया हे कुणालाच सांगितलं न्हाय. आता बघू कसं घेत्यात ते." यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यामुळं तिचा चेहराही कुठं डगमगला नाही, आणि डगमगला असता तरी मफलरात कुणाला दिसला असता?

"अगं बाई!" मनिषानं गालावर हात ठेवला. मग तिनं भामाबाईच्या हातातला कप काढून घेतला, चहा ओतून दिला आणि दुसरा भरून आणला. "असल्या कामाला निघालेल्या माणसाला कडू चहा कसा द्यायचा? घ्या. आन काका, तुमी त्यांना साखर बंद केलीया का? आत्तापासनंच?"

ठसका थांबल्यावर दत्तोबानं शर्टावर सांडलेला चहा पुसला. भामाबाईनं तो गोड चहा त्याच्या डोळ्यांत बघत सावकाश प्यायला.

रविराजला खरं ठाऊक होतं. पण सारी वाट डुलक्यांशी झगडत आलेल्या माणसाला एवढी करमणूक सोडवते होय? त्यानं मोबाईल काढला, ट्रक, दत्तोबा आणि गुलाबी शाल एका फटक्यात व्हिडिओत घेतली आणि खाली लिहिलं : 'साठीतलं प्रेम. संसारासकट पळाले. आशीर्वाद द्या.' आणि स्टेटसला ठेवून, वर डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवरही टाकून दिलं. त्या ग्रुपवर कऱ्हाटीची कितीतरी माणसं होती, आणि त्यांत दत्तोबाचा थोरला भाऊ गेणबाही होता, हे त्याला कुठं माहीत?

निमगाव केतकी मागं पडेपर्यंत दत्तोबा घुश्श्यात बसला. "या वयात काय बोलावं, याचा काय पोच?"

"खोटं काय बोलले, ते सांगा."

त्याला ते सापडेना. भवानीनगरपाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, तिच्यात ट्रक अडकला. रविराजनं इंजिन बंद केलं. पुढच्या ट्रॅक्टरवरचा गडी खाली उतरून मागं आला, मोबाईलकडं एकदा आणि केबिनकडं एकदा बघून थेट दत्तोबाच्या खिडकीशी आला.

"काका, तुमीच न्हवं का ते? मानलं तुमाला!" त्यानं ट्रॉलीतून दोन जाड कांड्या उपसल्या आणि खिडकीतून आत दिल्या. "आमच्याकडनं आहेर."

दत्तोबा 'आवो, ही माझी' इथपर्यंत आला होता. पण मागून आणखी दोघं आले, एकानं हात मिळवला, दुसऱ्यानं 'धाडस लागतं' म्हणून सांगितलं. कारखान्यात इतकी वर्षं पट्टे आणि बेअरिंगं बदलली, तेव्हा असा हात कुणी मिळवला नव्हता. वाक्य अर्धंच राहिलं. माणसं गेल्यावर दत्तोबानं आरसा जरासा आपल्याकडं वळवला आणि मिशीवरनं बोट फिरवलं. भामाबाईनं बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं.

मग तिचा फोन वाजला. दत्तोबाचा कधीच बंद पडला होता, चार्जर सामानात. फोन दगडाबाईचा होता.

दगडाबाई म्हणजे भामाबाईची सख्खी थोरली बहीण, आणि गेणबाची बायको म्हणून थोरली जाऊही. दोघी बहिणींची लग्नं दोघा भावांशी एकाच मांडवात झाली. त्या मांडवात भामाबाईनं कुठं बसायचं, कधी उठायचं आणि किती रडायचं हे दगडाबाईनं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तिचं सांगणं थांबलं नव्हतं. भामाबाईची भाकरी जाड, भामाबाईची साडी भडक, भामाबाईचं हसणं मोठं.

"भामे, कुठं हायेस?"

"बसलीया की."

"बस. बसूनच ऐक. तुझा नवरा एक बाई घिऊन आलाय."

भामाबाईनं एक श्वास आत घेतला. खरं सांगायचं तर ते आत्ता. जीभ तयारही झाली होती. पण तोंडातून निघालं ते, "कसली बाई?"

"कसली म्हंजी! गुलाबी शालवाली! इंदापुरात चहा पितीया, समद्या गावानं बघितलं मोबाईलवर. तू तितं शेजारणीकडं पडलीयास आन हा हितं टवळीला घिऊन ट्रकातनं हिंडतुय."

"दिसायला कशीय गं?"

"तोंड झाकलंय. पर उभं ऱ्हाण्यावरनंच कळतंय, चांगल्या वळणाची न्हाय."

भामाबाईला राग आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं नाकातून असा आवाज निघाला की दगडाबाईला वाटलं, ती रडतेय.

"रडू नगंस," दगडाबाईचा आवाज एकदम खाली आला. असा आवाज तिच्याकडं आहे हेच भामाबाईला ठाऊक नव्हतं. "तू तितंच ऱ्हा. येऊ दे त्यांना हितं. मी हाय."

फोन बंद झाला. दगडाबाईच्या बोलण्याला खरं तर फोनची गरज नसे, दत्तोबाला सगळं ऐकू गेलं होतं. "आगं, खरं सांग वैनीला," तो म्हणाला.

"सांगते की. तितं पोचल्यावर." आणि ती शाल नीट डोक्यावरनं ओढून खिडकीतून बाहेर बघत बसली. 'मी हाय' हे दोन शब्द तिला पुन्हापुन्हा ऐकू येत होते.

बारामती ओलांडून ट्रक कऱ्हाटीत शिरला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, आणि उन्हाला बसलेली सगळी माणसं नेमकी गेणबाच्या दारापुढं बसली होती. मधोमध दगडाबाई. हाताला पीठ, हातात उलथनं. चुलीवरची भाकरी तशीच टाकून आलेली.

दत्तोबा खाली उतरला.

"लाज वाटती का?" दगडाबाईनं सुरुवात केली. "नातवंडं खेळवायचं वय, आन हे धंदे? तिनं तुमाला काय कमी केलं? सांगा की! तुमची पोरं मोठी केली, तुमच्या आईचं हागणंमुतणं तिनं काढलं, कधी तोंड वर करून बोलली?"

दत्तोबा मान खाली घालून उभा. गेणबा मागून म्हणाला, "दत्तू, काय तरी बोल," पण दत्तोबा बोलला नाही. दगडाबाई त्याला ओलांडून ट्रककडं गेली.

"उतर खाली!"

गुलाबी शाल हलली नाही.

"भैरी हाईस का? उतर म्हणते न्हवं?"

शालीतून बारीक, किनरा आवाज आला. "पयली कशी हाय वो?"

"पयली? तिचं नावसुदीक घिऊ नगंस! माझी भैन हाय ती. तुझ्यासारख्या धा उभ्या केल्या तरी तिची सर यायची न्हाय."

"सैपाक येतो का तिला?"

"सैपाक!" दगडाबाईनं उलथनं उंचावलं. "तिच्या हातचं हुलग्याचं शेंगोळं एकदा खा, मग बोल. मला जमत न्हाय तसं. कुणालाच जमत न्हाय!"

"मग दिवाळीत 'चिकाट झालं' म्हणून का टाकलंस?"

हे निसटलं. किनरा आवाज काढायचा राहूनच गेला. उलथनं तसंच वर राहिलं. दगडाबाईनं पायरीवर चढून मफलर खसकन् ओढला.

बाहेर आला तो भामाबाईचा चेहरा. मग गेणबाच पहिला हसला, आणि मग सगळा उन्हातला जमाव. दगडाबाई तेवढी हसली नाही. तिनं पदर खोचला.

भामाबाईनं तिचं ते पदर खोचणं लहानपणापासून बघितलं होतं. ती दुसऱ्या दारानं उतरली, आणि जो गुडघा काल उतरू देत नव्हता त्याच गुडघ्यावर तिनं ट्रकला पहिला फेरा घातला. मागून दगडाबाई, "थांब, थांब तू!" दुसऱ्या फेऱ्याला पलंगाच्या पायाशी तिनं गाठलं आणि उलथनं पाठीत घातलं, एकदाच, आणि तेही चपटं. मग तिथंच चाकाशी बसली. उलथनं मांडीवर पडलं.

भामाबाईचं हसणं थांबलं. ती शेजारी टेकली. "आक्का, चुकलं."

"सकाळधरनं अन्न न्हाय घेतलं मी," दगडाबाई म्हणाली. "म्हणलं, भामी एकटी तितं काय करत आसंल." तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "आन तू आत बसून माझ्याकडनं वदवून घेत हुतीस! आवडलं का ऐकायला?"

"लई."

"मग आता परत न्हाय म्हणायची."

"नगंस म्हणू. एकदा झालं ते बास."

सामान उतरायला लागलं. दोघा भावांनी पलंगाची एकेक बाजू धरली. "तू बोलला का न्हाईस रं?" गेणबानं विचारलं. "एवढ्या शिव्या खाल्ल्या. एका शब्दात मिटलं असतं."

दत्तोबा दम घ्यायला थांबला. "आयुष्यात पयल्यांदा गावाला वाटलं, माझ्यामागं पण कुणी बाई येईल," तो म्हणाला. "म्हणलं, वाटू द्यावं जरा येळ."

भामाबाईनं ते ऐकलं. 'एरवी माझ्याऐवजी तुमीच बोलता, पर आज गप बसलात ते बरं केलं,' असं काही तरी तिच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात ओसरीवर दगडाबाईचा फोन वाजला. भवानीनगरची चुलत नणंद, रेश्मा. व्हिडिओ आता कुठं तिच्यापर्यंत पोचला होता. दगडाबाईनं फोन स्पीकरवर टाकला.

"वैनी, खरं हाय का? दत्तूदादानं दुसरी आणली?"

भामाबाई पुढं झाली. पण दगडाबाईनं उलथन्यानंच तिला मागं सारलं. चेहरा अगदी गंभीर.

"व्हय. आणलीया," ती म्हणाली.

"बया! कशी हाय?"

दगडाबाईनं भामाबाईला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं.

"वयानं हाय जरा थोराड," ती म्हणाली. "पर पळायला लई चपळ."